शिजवलेली माती

आजवर मला जेवढे धक्के बसले, त्यातले निम्म्याहून जास्त आमच्या समोरच्या घरातल्या अप्पांनी दिलेत. उरलेले बाकीच्या सगळ्या जगाने मिळून दिले असतील. आणि अप्पांना याचा पत्ताच नाही. आपण "अगं बाई" म्हणावं, "आई गं" म्हणावं, कपाळावर हात मारावा, तोवर ते पाठ फिरवून पुढच्या कामाला लागलेले असायचे, आणि पाठीमागून बोललेलं त्यांना ऐकू जायचं नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागांच्या मध्ये गेलं. शेवटी ते जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारे, झाले, आणि मागांच्या खडखडाटाने तोवर कानही गेले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार, अशी त्यांची समजूत असावी, कारण ते घरीही मागापाशी उभे असल्यासारखे बोलायचे. कोपऱ्यावरच्या दुकानात ते पोटाचं औषध मागायचे तेव्हा त्यांच्या पोटाला काय झालंय ते आख्ख्या गल्लीला कळायचं. आणि मी अशी, की माझा आवाज आमच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही. चौथीत बाई उत्तर विचारायच्या तेव्हा मला उत्तर यायचं, पण मी उभी राहायचे आणि तशीच खाली बसायचे. अजूनही तसंच आहे. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वळसंगहून आल्या की शेजारणींना सांगतात, "आमची सून मुकी न्हाय, पण असून नसल्यासारखीच की."

अप्पांचा पहिला धक्का मला आम्ही या गल्लीत राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत बसला. मी दारात बसून टॉवेलच्या कडा शिवत होते. समोरून हाक आली, "ए पोरी! हिकडं ये, शिट्ट्या मोज!" मी घाबरून इकडे तिकडे बघितलं. दुसरी कोणी पोरगी नव्हती. गेले. अप्पा स्वयंपाकघरात कुकरसमोर पाट टाकून बसले होते. "ही देवळात गेलीया. मला शिट्टी ऐकू येत न्हाय. तू बोटं वर कर. पाच झाल्या की सांग." मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि शिट्टीगणिक एकेक बोट वर करत गेले. मनात म्हटलं, केवढा गुणी माणूस, बायको देवळात गेली तर वरण शिजवतोय. पाचवी शिट्टी झाली, कुकर निवला, झाकण निघालं. आत डब्यात काळी माती होती. छान उकडलेली, वाफाळलेली, वरून मऊ फुगलेली माती. मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. तेवढ्यात मावशी, म्हणजे अप्पांची बायको, देवळातून परत आल्या. त्यांनी कुकरात डोकावून बघितलं आणि हातातलं प्रसादाचं ताट तसंच खाली ठेवलं. "परत? परत माझ्या कुकरात? अवो, ह्यात मी भात लावते की!" अप्पा म्हणाले, "व्हय, म्हणूनच तर. सोच्छ भांडं पायजे."

हे सगळं बुऱ्यासाठी चाललं होतं. बुरशीला अप्पा बुरा म्हणतात, आणि जगात त्यांचा एवढाच एक दुश्मन. त्यांना निवडुंगाचं वेड आहे. पत्र्यावर, ओट्यावर, फुटक्या मगांत, तेलाच्या डब्यांत, सगळीकडे काटेरी गोळे ठेवलेले. विकत आणलेल्या निवडुंगाला ते कमी समजतात. म्हणतात, "तयार आणलेलं झाड म्हंजी जावई. बी पेरून वाढवलं तर लेक." आणि बी पेरायचं तर मातीत बुरा नको. निवडुंगाचं बी राजगिऱ्याहून बारीक, रोप वर आलं तरी हिरव्या मोहरीएवढं. त्याला महिनोन् महिने ओलावा लागतो, झाकण लागतं, आणि झाकणाखालच्या ओलाव्यात बुरा माजतो. एका रात्रीत मातीवर पांढरी केसं उभी राहतात आणि मोहरीएवढी लेकरं लोळागोळा होतात. म्हणून माती शिजवायची. शिजवून झाकणातच निवू द्यायची, बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही. पाणी उकळून गार केलेलं. मिठाईचा प्लास्टिकचा डबा कढत पाण्याने धुतलेला. बी फळाच्या गरातून काढायचं ते चहाच्या गाळणीत चोळून चोळून, कारण गराचा एवढासा कण राहिला तरी बुरा तिथूनच सुरू होतो. (त्या गाळणीवरून मावशींनी काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाही.) मग वरून दालचिनीची पूड भुरभुरायची, कारण बुऱ्याला दालचिनी सोसत नाही. मसाल्यासाठी आणलेली दालचिनी कुठे जाते याचा मावशींना बरेच दिवस उलगडा होत नव्हता. माझ्यावरसुद्धा संशय आला असणार, पण त्या कधी बोलल्या नाहीत.

डबा ठेवलेल्या खोलीत जायचं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत जायचं. हात धुऊन, पाय धुऊन. बाहेरची चप्पल नाही, ओलं फडकं नाही. स्वतः अप्पा तोंडाला टॉवेल बांधून आत जायचे आणि मलाही पदर तोंडावरून घ्यायला लावायचे. "तोंडातनं वारं जातं, वाऱ्यातनं बुरा जातो." एकदा पदर असाच तोंडावर होता आणि मी त्यांना काहीतरी विचारलं, तर त्यांनी उत्तरच दिलं नाही. एरवी मी बोलले की निदान "व्हय की" तरी म्हणायचे. मला वाटलं, पेरणीच्या वेळी बोलायचं नसेल.

पण सगळ्यात मोठा धक्का काळ्या तिखटाचा. कधी कधी कुकर मिळाला नाही की अप्पा माती कढईत भाजायचे, अगदी रवा भाजतात तशी, खमंग. भाजून, चाळून, डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायचे. तो डबा त्यांनी स्वयंपाकघरात ठेवला, कारण घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. आणि मावशींनी त्यातलं चमचाभर आमटीत घातलं. आमच्याकडचं काळं तिखट आणि भाजलेली माती, चष्म्याशिवाय फरक काय कळणार? अप्पा जेवले. वाटी परत पुढे केली. म्हणाले, "आज आमटी झकास झालीय की. लई दिसांनी." मावशींनी तिखटाचा खरा डबा दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा त्यांना कळलं. त्या आमच्या दारात येऊन मटकन बसल्या आणि हसू की रडू असं करत म्हणाल्या, "तीस वर्षं सैपाक केला, कदी नावं ठेवली न्हाईत की नावाजलं न्हाय. माती घातली तवा चव आली ह्यांना!"

त्या शिट्ट्यांचं मला हळूहळू वेडच लागलं. मावशी देवळात गेल्या की हाक यायची, मी कुकरपाशी अप्पांच्या समोर उभी राहायचे, आणि शिट्ट्यांच्या मधल्या वेळात बोलायचे. मी! घरात विचारलेल्या प्रश्नालाही मान हलवणारी मी अप्पांशी घडाघडा बोलायचे. त्यांना ऐकू येत नाही ही केवढी सोय होती. मशीनची सुई मोडली, ह्यांनी दोन दिवस अबोला धरलाय, आत्याबाईंनी शेजारणीसमोर असं म्हणायला नको होतं, असलं सगळं. एकदा तर बोलता बोलता मी पाचवीचंही सांगायला लागले होते. मला पाचवीत जायचं होतं, पण गावात शाळा चौथीपर्यंतच, आणि घरी शेळ्या होत्या. एवढं म्हणाले आणि शेवटची शिट्टी झाली. अप्पा आपले माझ्या तोंडाकडे बघत "व्हय की," "आसंच असतंय की," म्हणत राहायचे. मला वाटायचं, बिचारे नुसते मान राखतात.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात या सगळ्याला एकदम वेगळंच वळण लागलं. अप्पांची एकुलती एक लेक त्याआधीच लग्न होऊन वैरागला गेली होती. जाताना तिने शाळेत असल्यापासून वाढवलेला निवडुंग अप्पांच्या हवाली केला होता. गोल गरगरीत, अंगभर पांढरी लव, उन्हाळ्यात डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं यायचं आणि मग तांबड्या मिरच्यांसारखी फळं. अप्पांच्या सगळ्या गोतावळ्यात ते झाड पाटलासारखं होतं. पावसाची झड लागली तेव्हा अप्पांना वाटलं, हे भिजेल. म्हणून त्यांनी त्याला कारखान्यातला सगळ्यात जाड टॉवेल पांघरला. टॉवेल त्याचं काम करत राहिला, दिवसरात्र पाणी पीत राहिला. झड थांबल्यावर अप्पांनी टॉवेल काढला तर झाड आतून पिचकलं होतं. हात लावला आणि ते खालपासून निखळलं. मी दारातून बघत होते. एवढ्या वर्षांत ती गल्ली मी पहिल्यांदाच इतकी गप्प बघितली.

लेकीला सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. फोनवर व्हिडिओ लावून बोलणं म्हणजे मावशी बोलणार आणि अप्पा बाजूला उभे राहून "काय म्हणती? काय म्हणती?" करणार. ती दर खेपेला म्हणायची, "आई, अप्पांना म्हणावं, माझं बाळ दाखवा." आणि अप्पा धावत गल्लीतल्या टेलरच्या दुकानात जायचे, तिथला तसलाच एक निवडुंग उचलून आणायचे आणि फोनपासून लांब, पार न्हाणीच्या दारात जाऊन धरायचे. हे गुपित त्यांनी एकदा माझ्या कानाशी येऊन सांगितलं. त्यांच्या मते हळूच. टेलरने तिकडून विचारलं, "अप्पा, मग आजबी न्यायला येणार का?"

त्या झाडाची सुकलेली फळं तेवढी त्यांनी जपून ठेवली होती. यंदा गुढीपाडव्यानंतर त्यातलं बी पेरलं, बुरा आला, सगळं गेलं. परत पेरलं, परत गेलं. शेवटी चिमूटभर बी उरलं. पंचमीला लेक माहेरी येणार होती. तिच्या हातात द्यायला झाड नाही, निदान झाडाची लेकरं तरी असावीत, एवढंच अप्पांचं मागणं होतं. शेवटच्या चिमटीसाठी माती इतकी शिजवली की कुकरची रिंग गेली. मावशींनी या वेळी एक शब्द काढला नाही. उलट दालचिनी स्वतः कुटून दिली. आणि लेकरं आली. साबुदाण्याएवढी, हिरवी, अंगावर बारीक पांढरी लव, अगदी आईसारखी. अप्पा रोज थोडं थोडं झाकण सरकवून त्यांना वाऱ्याची सवय लावत होते.

पंचमीच्या दिवशी आमच्याकडे कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, सुई धरायची नाही आणि मुख्य म्हणजे माती उकरायची नाही. नागोबाला लागतं. मी मशीन झाकून दारात बसले होते. मावशींच्या ओट्यावर पाटावर मातीचा नागोबा मांडला होता, बायका लाह्या आणि दूध घेऊन येत होत्या. लेक दुपारपर्यंत येणार म्हणून अप्पांनीही लेकरांचा डबा झाकण काढून दुसऱ्या पाटावर मांडला होता, वर दालचिनीची नवी पूड भुरभुरून. आणि ते पाठमोरे उभे राहून पत्र्यावरचं काहीतरी नीट करत होते. तेवढ्यात सणाला आलेल्या आमच्या आत्याबाई दुधाची वाटी घेऊन ओट्यावर चढल्या. डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना काय दिसलं? पाट, पाटावर माती, मातीवर हळद-कुंकू उधळल्यासारखं तांबूस, आणि मध्ये उंचवटे. त्यांनी हात जोडले, "नागोबा, माझ्या लेकराबाळांना संबाळ," म्हणाल्या आणि वाटी कलती केली.

आणि मी ओरडले. "आत्याबाई! दूध वतू नका! बुरा येईल!"

हा आवाज माझा होता हे मला सगळ्यात शेवटी कळलं. बायका लाह्या हातात धरून थिजल्या. टेलर दुकानाबाहेर आला. आत्याबाईंचा हात हवेत थांबला, पण दुधाची पहिली धार डब्याच्या कोपऱ्यात पडली होती. अप्पांना काही ऐकू गेलं नव्हतं; पण समोरची सगळी माणसं एकाच दिशेला बघायला लागली म्हणून तेही वळले. त्यांनी दूध बघितलं आणि चमचा घेऊन धावले. मावशींनी मनगट धरलं. "अवो, आज माती उकरायची न्हाय! पंचमी हाय!"

"दूध हाय ते! उद्या सकाळी केसं उगवतील केसं!"

"नागोबा डसंल की!"

"डसू दे मला! सोड! झाड मी मारलं, टॉवेल घालून मारलं, आता तिचं म्हणून एवढंच राहिलंय!"

"कुटलं झाड, अप्पा?"

लेक पिशवी घेऊन ओट्याच्या पायरीशी उभी होती. अप्पांना ते ऐकू आलं नाही, ते मावशींच्या हातातून मनगट ओढत राहिले. मग त्यांना ती दिसली. चमचा खाली आला. तिने डब्याकडे बघितलं, मग पत्र्यावरच्या आपल्या झाडाच्या रिकाम्या जागेकडे. सगळी गल्ली श्वास धरून होती, कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"आनि फोनवर काय दावत होता मला?" ती म्हणाली.

टेलर लांबूनच म्हणाला, "ते माजं हाय, ताई."

ती काय करणार, ओरडेल की रडेल, कोणालाच कळेना. ती खाली बसली. डब्यावर वाकून एकेक लेकरू बघितलं. मग पिशवीतून एक टॉवेल काढला आणि म्हणाली, "उकरायचं न्हाय ना? मग टिपून घ्या की." तर अप्पा किंचाळले, "नवा नको! नव्याला खळ असती, पाणी पीत न्हाय! जुना आणा, धुऊन धुऊन मऊ झालेला!" मी धावत जाऊन आमच्या घरातला सगळ्यात जुना टॉवेल आणला. बापलेकींनी तोंडाला पदर आणि रुमाल बांधून त्याचं टोक कोपऱ्यावर हलकेच दाबलं, उकळून गार केलेलं पाणी सोडलं, परत टिपलं. परत सोडलं, परत टिपलं. मातीचा कणही उकरला नाही. ज्या टॉवेलने झाड खाल्लं त्याच्याच भाऊबंदाने लेकरं वाचवली. आत्याबाई मात्र अजून माझ्याकडेच बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सुनंला आवाज हाय की! आनि पैला वापरला तो माज्यावर!" आणि मला वाटलं आता बोलणी बसतील, तर त्या हसायलाच लागल्या.

त्या कोपऱ्यात दुसऱ्या दिवशी एक पांढरा केस आलाच. अप्पांनी चमचा गॅसवर तापवून निववला आणि तेवढी माती काढली, आता उकरायला हरकत नव्हती. चारसहा लेकरं गेली, बाकीची राहिली. लेकीने ती वैरागला नेली नाहीत. म्हणाली, "हितंच ऱ्हाऊ द्यात. मोठी झाली की न्यायला येते." निवडुंग मोठा व्हायला किती वर्षं लागतात ते तिला नक्की माहीत असणार.

पण जाण्याआधी तिने एक केलं. अप्पांच्या कानात मशीन बसवून दिलं. "आता फोनवर मला खरं सांगायचं," म्हणाली. अप्पा आधी खूप कुरकुरले. पण आता ते फोन स्वतः घेतात, लेकीशी बोलतात, आणि काय सांगू, हळू बोलायला लागलेत. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी काय मागितलं ते आम्हाला कळत नाही. कुकरची शिट्टीही त्यांना ऐकू येते. मावशी देवळात जातात, समोर शिट्ट्या होतात, मी दारात कडा शिवत बसते आणि नकळत माझी बोटं वर होतात. हाक येत नाही.

परवा आली. "ए पोरी! शिट्ट्या मोज!" अगदी पहिल्यासारखी, गल्लीभर. मी गेले. कुकर चढवलेला, अप्पा पाटावर बसलेले. माझ्यासमोर त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि डबीत ठेवलं. मी म्हटलं, "अवो अप्पा, ते काढलं तर ऐकू कसं येणार?"

"माग चालू असला की कुणाला ऐकू येतंय?" ते म्हणाले. "आमी कारखान्यात कदी कानानं ऐकलंच न्हाय. समोरच्याच्या तोंडाकडं बगायचं, कळतंय सगळं." मग खरंच हळू आवाजात म्हणाले, "हं, बोल. पाचवीचं अर्धंच राहिलं हुतं तुजं."

एवढे दिवस, एवढं सगळं, आणि कुणालाही न सांगता ते यांनी आपल्यापाशी झाकून ठेवलं होतं. गल्लीला ऐकू जाईल असं एक अक्षर नाही. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. मग त्यांच्यासमोर नीट वळले, आणि बोलायला लागले.

कुकरची शिट्टी झाली. कितवी, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.